त्रिंकोमालीचा मुक्काम

रहिमतपूर,
शुक्रवार

सौ. संयोगितावहिनींना आप्पाचा नमस्कार.

तुमी दुसरं लग्न करून कडेगावला गेलात, त्याला पस्तीस वर्षं झाली. तवापासून आमच्या घरातनं कुणी तुमची चौकशी केली न्हाई.

माझी लेक शिवांजली आमच्या श्रीलंकेच्या प्रवासाची आखणी करतीय. कोलंबोत गाडी भाड्यानं घ्यायची, अनुराधापूरचे स्तूप बघायचे, मग त्रिंकोमाली आणि सहाव्या दिवशी जाफन्याचा किल्ला. नाथाजीदादा शांतिसेनेत असताना जाफन्यातच गेला. मी म्हटलं, "त्रिंकोमालीत दोन दिवस ठेव."

"आप्पा, तिथं एवढं काय हाय?"

तिला सांगितलं न्हाई, तुमाला सांगतो.

तिथं समुद्राच्या कड्यावर महादेवाचं देऊळ हाय. दादानं तुमाला लिहिलं होतं, "लढाई थांबली की तुला हे दाखवायला आणीन." दादा गेल्यावर बारा दिवसांनी ते पत्र आलं. पोस्टमननं माझ्या हातात दिलं आणि मी ते फोडून वाचलं. आधी वाटलं, तुमचं रडं वाढंल. मग तुमी लग्न केलंत, तवा रागानं ट्रंकेच्या तळाशी टाकलं. रागवायचा मला काय हक्क होता? तुमी अवघ्या चोवीस वर्षांच्या होता.

गाडीत जागा हाय. तुमच्या मालकांनाबी घेऊन या.

एवढं लिहिलं, पण हे पोस्टात टाकणार न्हाई. कागदामागं लपून माफी मागणं बरं न्हाई. उद्या दादाचं पत्र घेऊन मीच कडेगावला येतो. दारात उभं करायचं का न्हाई, ते तुमी ठरवा.

तुमचा अपराधी धाकटा दीर,
आप्पासाहेब