थांब की थाम

बाबा, मी मुनिरकात भाड्याच्या खोलीत राहते, रोज सायकलने नेहरू प्लेसला ऑफिसला जाते, आणि गेले तीन आठवडे सकाळी दाराला कुलूप लावलं की ते परत उघडून आत जावंसं वाटतं. आई गाझियाबादला आहे, तुम्ही गेल्यावर सरकारी क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा घेतलेल्या फ्लॅटमध्ये, एकटी. तिला वाटतं मी मेट्रोने जाते. सायकल आहे हे तिला माहीत आहे, पण ती रविवारची, ग्रुपबरोबर इंडिया गेटला चक्कर मारायची. रोजची सायकल, मे महिन्याच्या लूमधली, भाजणाऱ्या वाऱ्यातली, जानेवारीच्या धुक्यातली, ती तिला माहीत नाही. तिला सांगितलं तर ती झोपणार नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आता ओरडू शकत नाही असं मला वाटत होतं.

ही सायकल तुमच्या ओळखीची नाही. हिला फिक्स्ड गिअर म्हणतात, आम्ही फिक्सी म्हणतो. मागच्या चाकात फ्रीव्हील नसतं, म्हणजे चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार आणि पेडल फिरतंय तोवर तुमचे पाय फिरणार. उतारावर पाय सोडून आरामात बसणं हा प्रकारच नाही. वेग कमी करायचा तर पायांनीच पेडलला उलटा जोर द्यायचा, हळूहळू. तुम्ही म्हणाल, पैसे देऊन त्रास विकत घेतला. पण बाबा, हिच्यात बिघडायला काही नाहीच. जुलैमध्ये रस्त्यावर घोट्याएवढं पाणी असो नाहीतर मेमध्ये डांबर वितळत असो, चेन पुसली, तेल घातलं, चलो. आणि रस्ता पायाला कळतो. कुठे रेती आहे, कुठे ओलं आहे, डोळ्यांच्या आधी तळव्यांना कळतं. लाल दिव्यावर पाय न टेकता सायकलवर उभं राहायला शिकायला मला चार महिने लागले. पहिल्यांदा जमलं तेव्हा बाजूचा ऑटोवाला म्हणाला, "मैडम, सर्कस में हो क्या?" मी दिवसभर खुश होते.

माझ्या सायकलला ब्रेक नव्हता. आमच्या ग्रुपमध्ये कोणाच्याच सायकलला नाही. कोणी लावला तर म्हणतात, "पीछे दो छोटे पहिये भी लगवा ले." गल्लीतला मेकॅनिक मात्र पहिल्या दिवसापासून माझ्या मागे लागला होता. "ये साइकिल है कि सिलाई मशीन? पैर तो रुकते ही नहीं. आगे एक ब्रेक डलवा लो, आधे घंटे का काम है." मी हसून हवा भरून घ्यायचे आणि निघायचे. तो प्रत्येक वेळी मागून म्हणायचा, "जैसी आपकी मर्ज़ी, सर्कस वाली." ऑटोवाल्याचा किस्सा त्याला मीच सांगितला होता.

तीन आठवड्यांपूर्वीची सकाळ. धुकं आहे, पण फार नाही, समोरच्या बसचे लाल दिवे दिसतायत. आउटर रिंग रोडच्या फ्लायओव्हरवरून मी उतरतेय, आणि उतारावर माझा उजवा पाय पेडलवर बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यातून सुटतो. पेडल गरगर फिरतायत, मी पाय परत ठेवायला बघते, पेडल नडगीवर आपटतं, हँडल डुगडुगायला लागतं. कसाबसा पाय पेडलवर येतो. शेजारी स्कूटरवर एक म्हातारे अंकल आहेत, मफलर गुंडाळलेले. ते बघतात आणि ओरडतात, "थाम, थाम." हिंदीतलं थाम. म्हणजे पकड, हँडल घट्ट पकड.

मला ऐकू आलं "थांब". आणि बाबा, आवाज तुमचा होता. मी दोन्ही पाय जागच्या जागी घट्ट केले. या सायकलवर कधीच करू नये ती गोष्ट. मागचं चाक जाम झालं, ओल्या रस्त्यावर आडवं घसरलं, आणि मी डाव्या कुशीवर पडले. मागून येणारी बस थांबली. किती जवळ ते सांगत नाही. तिच्या इंजिनची गरम हवा माझ्या मानेवर येत होती, एवढंच.

अंकलनी स्कूटर बाजूला लावून मला उतार संपतो तिथल्या फुटपाथवर बसवलं. कोपर सोललं होतं, गुडघ्याला जीन्स चिकटली होती, हाड मात्र शाबूत. ते खरंच चिडले होते. "मैं कह रहा हूँ हैंडल थाम, तू तो अकड़ ही गई."

मी म्हटलं, "अंकल, मैंने थांब सुना."

"वो क्या होता है?"

"रुक जाओ. हमारी भाषा में."

"अच्छा. बंगाली हो?"

"मराठी."

"हाँ, एक ही बात है," ते म्हणाले आणि मला त्यांच्या थर्मासमधला चहा झाकणात ओतून दिला. माझे दात झाकणावर वाजत होते.

सरोजिनी नगरची क्वार्टरची गल्ली मला त्याच फुटपाथवर आठवली. मी सात वर्षांची, तुम्ही ऑफिसच्या पँटवर आणि बाथरूमच्या चपलांवर माझ्यामागे कॅरिअर धरून पळताय. तुमचा नियम पक्का. "थांब म्हटलं की आधी पाय थांबव, मग ब्रेक. आधी ब्रेक नाही, पडशील." साध्या सायकलवर बिल्कुल बरोबर. तुम्ही थांब म्हणालात की कॉलनीतली मुलं व्हरांड्यातून ओरडायची, "अरे, तेरे पापा बोल रहे हैं थाम, तो थाम ना." मी त्यांना सांगायचे की आमचं वेगळं असतं. एकदा मी एकटीच गेटबाहेर मार्केटच्या रस्त्यावर गेले, तुम्ही धावत आलात, कान धरलात आणि म्हणालात, "रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?" मी रडत विचारलं, "मग कोणाच्या बापाचा आहे?" तुम्ही हसू दाबायला तोंड फिरवलंत. पण घरी येईपर्यंत माझा कान सोडला नाहीत. दोन वर्षांनी तुम्ही ऑफिसच्या खुर्चीवर बसल्या बसल्या गेलात. तोवर मला एकटीने मार्केटपर्यंत जायची परवानगी मिळाली नव्हती.

तुम्ही गेल्यावर घरातले काही शब्दच बंद झाले. ळ कसा काढायचा ते तुम्ही शिकवलं होतं, शाळेच्या हिंदीत तो नव्हता, अजून माझा वाकडाच येतो. भीतीला तुम्ही धास्ती म्हणायचात. आई म्हणते टेन्शन. पण टेन्शन नाहीये हे. टेन्शन मला प्रेझेंटेशनचं येतं. ही धास्तीच आहे, रात्री अंथरुणातही पायात असते, मांड्या आपोआप घट्ट होतात. तुमचा आवाज मी विसरले होते, बाबा. आपल्याकडे एकही व्हिडिओ नाही. मी कितीदा आठवायला बघितलंय, फक्त शब्द यायचे, आवाज यायचा नाही. आणि त्या उतारावर तो जसाच्या तसा आला, "थां" थोडा नाकातून, थोडा लांबवलेला. मला त्याचा आनंद व्हायला हवा ना? मला भीती वाटते. अंकल काहीही ओरडले असते, तरी मला कदाचित तेच ऐकू आलं असतं. पुढच्या वेळी कोणी "भैया, थाम लो ये झोला" म्हणालं तरी माझे पाय तुमचं ऐकतील. मी पायांना सांगते, ही वेगळी सायकल आहे, इथे थांबायचं नसतं. ते माझं ऐकत नाहीत.

सायकल सोडून दे, असं तुम्ही म्हणाल. पडल्यानंतर पाचव्या दिवशी मेट्रोने गेले होते. येताना इतकं रिकामं वाटलं की दुसऱ्या दिवशी सोललेल्या कोपरानेच सायकल काढली. फ्लायओव्हर आला की उतरून चालते. फुटपाथ नाही तिथे, कडेने चालते, ते सायकल चालवण्यापेक्षा धोक्याचं आहे. हेही मला कळतं.

शेवटी शनिवारी मेकॅनिककडे गेले आणि म्हटलं, "डाल दो." त्याने पुढच्या चाकाला ब्रेक लावला, माझं बोट लिव्हरवर ठेवून दाबायला लावलं, परत परत, दहा-बारा वेळा. मग म्हणाला, "अब पैर कुछ भी करें, हाथ तो आपका है." सोमवारी मी त्या उतारावरून बसूनच उतरले. रडत उतरले, पण उतरले.

हे कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. रविवारी ग्रुपमध्ये सगळ्यांनी ब्रेककडे बघितलं, आणि एकजण म्हणाला, "यार, तू भी?" मी खांदे उडवून म्हटलं, "मम्मी ने ज़बरदस्ती लगवाया." सगळे हसले, सगळ्यांना पटलं. आईला तर माझ्या सायकलला ब्रेक नव्हता हेच माहीत नाही.