रूल बदलला, ऑफिस बंदच

मॉरिसव्हिल, अमेरिका

प्रिय बाबा, जयभीम.

मी बरी आहे, नीट जेवते. तुमचं बीपी कसं आहे? गोळी चुकवत नाही ना?

इथे शटडाऊन चालूच आहे. बजेटवरून दोन पार्ट्या भांडतायत आणि सरकारी ऑफिसं बंद. माझ्या नव्या जॉबचा व्हिसा लेबर ऑफिसच्या मंजुरीवर अडकलाय.

काल इथल्या संसदेचं वरचं सभागृह, सिनेट, लाइव्ह बघत होते. मेजॉरिटीवाल्या पार्टीने रूलच बदलून घेतलाय. त्यांच्या माणसांच्या नेमणुका आता गठ्ठ्याने पास होतात. काल झाल्या. ऑफिसं मात्र बंदच. रूममेट अनुष्का म्हणाली, "अगं, मॅच आहे का ही? बंद कर ना यार!" मला रडूच आलं.

विहाराच्या मीटिंगमध्ये तुम्ही केवढे भांडता, पण मध्येच नियम कधी बदलू दिला नाही. मला वाटायचं, इथे तर अजून कडक असेल.

महिनाअखेरपर्यंत मंजुरी नाही आली तर इथे राहायची मुदत संपेल आणि मला परत यावं लागेल. आईला इतक्यात सांगू नका. ती माझ्यासाठी स्वेटर विणतेय ना, तिला फक्त म्हणा, घाई नको करू.

तुमचीच,
उपासना