पितृपक्षातलं माकड

दोंडाईचा, १०/९/८७

ती. नानांस,
बेबीचा सा. न. वि. वि.

नाना, माझी नोकरी जायची वेळ आली आहे. दहावीला उत्क्रांती शिकवताना मी म्हटलं, माणसाचे नि माकडाचे पूर्वज एकच. शाळेचे अध्यक्ष पितांबरआबा, त्यांच्या नातीने घरी सांगितलं की बाई म्हणतात, आपले पूर्वज माकडं. तेही कधी, तर ऐन श्राद्धाच्या पानावर!

आता १९ तारखेला कमिटीपुढे माफी लिहून द्यायची, नाहीतर कायम करणार नाहीत. आबा विचारतात, केळं मुठीत मावतं, वर साल, आत बी नाही; हे घडवणाऱ्याशिवाय आपोआप झालं? मी केळी पिकवणाऱ्याची लेक; तुम्हीच सांगा, काय उत्तर देऊ? खोटं लिहायला हात धजत नाही. आईला यातलं काही कळू देऊ नका.

तुमची,
बेबी

असोदा, १४/९/८७

चि. बेबीस चुडामणचे अनेक आशीर्वाद.

आलेलं पत्र तुझी आईच आधी फोडते, हे विसरलीस. तिने तुझी खोली झाडून ठेवली आहे.

देव आहे, यात मी आबांच्या बाजूचा. पण केळ्याची साक्ष चालायची नाही. सातपुड्यातलं रानकेळं बियांनी गच्च असतं. चार बिया पाकिटात घातल्या आहेत. कमी बियांचं, गोड झाड बघून माणसं त्याचाच कंद पुढे लावत आली. या केळ्याचा घडवणारा बघायचा तर आबांना म्हणावं, असोद्याला या.

आणि पोरी, पितृपक्षात पूर्वज म्हटलंस तर लोक पितरच समजणार. भाऊबंद म्हण. आजा एक, चुली वेगळ्या. खान्देशात हे कुणालाही कळतं.

तुझे,
नाना

दोंडाईचा, १९/९/८७

ती. नाना व ती. आईस सा. न.

सुटले बाई! बिया टेबलावर ठेवल्या. आबा त्या खड्यांसारख्या टणक बिया बोटांत फिरवत बसले. मग मी म्हटलं, माकडं आपले पितर नव्हेत, भाऊबंद. वाटणी कोट्यवधी वर्षांपूर्वीची. आबांचा चुलतभावांशी विहिरीवरून दावा चालू आहे. त्यांनी चष्मा काढला नि म्हणाले, "मना भाऊबंद माकडंच शेतस, हाई मी बारा वरिसपाईन कोर्टमा सांगी ऱ्हायनू!"

सगळी कमिटी हसली. माफीचा कोरा कागद आबांनी परत दिला आणि मला कायम केलं. देव मात्र सोडणार नाही म्हणाले. मी म्हटलं, सोडा असं कुठे म्हणते मी? बाहेर येऊन ओट्यावर बसले आणि पोटभर रडले. किती दिवसांनी हलकं वाटलं.

आईला सांगा, खोली झाडलेलीच राहू दे. दिवाळीला येते, पाहुणी म्हणून.

लोभ आहेच, त्याची वाटणी कधी न व्हावी.

तुमची,
बेबी