बाहेरच्या बाजूचं बटण

८ जानेवारी

आलो एकदाचा. आजपासून मी हिनोसावाचा रहिवासी. टोकियोत लोकांना नको असलेल्या वस्तू त्यांच्या गळ्यात मारणाऱ्या जाहिराती लिहीत होतो, आता मुळ्याच्या लोणच्याच्या बरण्यांवरचा मजकूर लिहिणार. प्रगतीच म्हणायची, मुळा निदान खाता तरी येतो. मिसाओ असती तर हसून लोळली असती. ती नाही, म्हणून तिच्या वाटणीचंही मीच हसायचं ठरवलंय.

ती शरद ऋतूत म्हाताऱ्या आईला सांभाळायला इथे आली आणि डिसेंबर संपता संपता, अंगणातला बर्फ उपसत असताना, फावड्यावर हात ठेवून बसली ती उठलीच नाही. अस्थी घरातच आहेत, पांढऱ्या कापडात. अस्थी पुरायची इथली थडगी हिवाळाभर बर्फाखाली गाडलेली असतात, त्यामुळे मेलेल्यालाही वसंतापर्यंत वाट पाहावी लागते. तिला इथे ठेवून परत कसा जाणार? सासूबाईंनी माडीवरची खोली दिली. खिडकीतून पर्वत दिसतो. डाळीचं सूप अप्रतिम. तक्रारीला जागाच नाही, ही एक अडचण.

गाडी मात्र नवीकोरी. दोन डब्यांची, लखलखीत पोलादी, अंगावर हिरवी पट्टी. दारावर पुढचं स्टेशन दाखवणारा पडदा, बाकाखालून पोटऱ्या भाजणारी ऊब, आणि घोषणा करणाऱ्या बाईचा आवाज इतका गोड की गाडीला उशीर झाला तर आपणच माफी मागावी. सुटताना मोटर गाणं शिकणाऱ्या मुलीसारखी एकेक सूर चढत जाते. जुन्या गाड्या याच हिवाळ्यात मोडीत गेल्या. गाव नव्या गाडीला रोज शिव्या घालतं आणि रोज तिच्यातच बसतं.

पहिल्याच दिवशी माझी शोभा झाली. दारासमोर उभा राहिलो, दार उघडेना. शहरात ती आपोआप उघडतात. मी दाराकडे बघतोय, दार माझ्याकडे. शेवटी एका म्हातारीने आतून बटण दाबलं. उपकार मानत, दार तसंच उघडं टाकून आत शिरलो तर म्हणाली, "काय हो योनेबाईंचे जावई, तुमच्याकडे दारं लावायला माणूस ठेवलाय वाटतं?"

अख्खा डबा खाली मान घालून हसला.

९ जानेवारी

नियम समजला. ऊब जाऊ नये म्हणून इथे ज्याला चढायचं-उतरायचं त्याने बटण दाबून दार उघडायचं, आणि शेवटी चढेल त्याने लावायचं. आतल्या बाजूला दोन बटणं, 'उघडा' आणि 'बंद'. बाहेरच्या बाजूला एकच, 'उघडा'. बरोबरच आहे. दार लावण्याचा हक्क जगात नेहमी आतल्यांचाच असतो.

म्हातारीचं नाव तोमे आजी. जुन्या गाडीत दार दोन्ही हातांनी ओढावं लागायचं, त्यात तिचे खांदे घडले असं सांगते. ही रोजनिशी मी गाडीतच लिहितो आणि कोटाच्या खिशात ठेवतो. माझ्याकडे बघत म्हणाली, जावई हिशेब लिहितोय की चहाड्या?

१५ जानेवारी

दार लावण्यात मी आता गावाच्या पुढे गेलोय. कोणी चढलं की त्याचं शेपूट आत यायच्या आधी 'बंद'. आज मिनोबे नावाच्या तरुणालाही तालीम दिली. तो बँकेत नवा लागलाय, माझ्यासारखाच शहरातून आलेला, कानात गाणी खुपसून स्वप्नात उभा असतो. त्याला म्हटलं, बाबा रे, गावात चांगलं नाव मिळवायचं असेल तर एक बोट पुरे. त्याने मान लववून आभार मानले. गुणी पोरगा आहे.

एक गंमत मात्र टिपून ठेवली पाहिजे. संध्याकाळी कामावरून परतताना मिझुनाशी स्टेशन लागतं. तिथे काही नाही, मुळ्याची बर्फाखालची शेतं आणि टेकाडावर दहनगृह. मिसाओला तिथेच नेलं होतं. धूर सरळ वर गेला होता, वारा नव्हता. तर या स्टेशनावर चढणारं कोणी नसतं, उतरणारंही नसतं, तरी तोमे आजी उठतात, 'उघडा' दाबतात आणि बाजूला सरून उभ्या राहतात. बर्फ आत येतो, सगळे कुडकुडतात, कोणी अवाक्षर काढत नाही. मला ऊब शिकवणारी बाईच ऊब घालवतेय! मी उठलो आणि अगदी अदबीने 'बंद' दाबलं.

आजींनी माझ्याकडे पाहिलं. चिडून नव्हे. "जावईबुवा," त्या म्हणाल्या, "कोणाच्या तोंडावर दार लावू नये."

बाहेर कोणी नव्हतं. खेडेगावात म्हणींची कमतरता नसते.

२२ जानेवारी

तोमे आजी अंगणात घसरल्या. खुबा मोडला, दवाखान्यात आहेत. दाराशेजारची त्यांची उबदार जागा मला मिळाली. मिझुनाशीला आता पोस्टातल्या बाई उठून उघडतात. मी लावतो. त्या पुन्हा उघडत नाहीत, नुसतं कमरेत वाकून मला नमस्कार करतात. आज सगळ्या डब्याने केला. माझ्या दुःखाची कदर असावी. इथली माणसं बोलत नाहीत, वाकतात. प्रत्येकाला वाटत असावं, बोलायचं काम दुसऱ्याने करावं.

सासूबाई रोज मिसाओचीही वाटी मांडतात. उशी टाकतात, सूप वाढतात, ते निवलं की गुपचूप उचलून ठेवतात. मेलेलं माणूस एकोणपन्नासाव्या दिवशी पुढे जातं असं इथे मानतात, तोवर हे चालायचंच. पण आज वाटी उचलताना म्हणाल्या, आजही नाही आली पोर. गाड्या नव्या झाल्या, तिने तरी काय करावं.

वय झालंय. मी माझी वाटी दोनदा भरून घेतली, त्यांना बरं वाटावं म्हणून.

२८ जानेवारी

मिझुनाशीला दार लावलं आणि काचेवर पंजा दिसला.

बाहेरून. काचेवर दहिवर जमलं होतं, त्यात उमटलेला. मुलं करतात असले खेळ. पण फलाटावर मूल नव्हतं, आणि करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती.

मिसाओची करंगळी लहानपणी कपाटाच्या खणात सापडली होती. हातमोज्याचं ते एक बोट तिला कधी नीट बसलं नाही. मी तिला चिडवायचो, तुझी करंगळी दुसऱ्याच कोणाचा हात धरायला निघालीय.

हिनोसावा येईपर्यंत पंजा वितळला. मी सगळ्यांच्या शेवटी उतरलो.

३ फेब्रुवारी

आज भाजलेले सोयाबीन दारातून फेकून भुतं हाकलायचा सण. 'भुतं बाहेर, भाग्य आत' म्हणत फेकायचे. मी फेकायला हात उचलला, तर सासूबाईंनी मनगट धरलं. त्या हातात इतकं बळ असेल असं वाटलं नव्हतं. म्हणाल्या, यंदा 'बाहेर' म्हणायचं नाही.

उंबऱ्यात उभ्या राहून नुसत्या 'आत, आत' म्हणत राहिल्या. सोयाबीन त्यांच्या मुठीतच राहिले. मी माडीवर येऊन बसलो.

६ फेब्रुवारी

दवाखान्यात तोमे आजींकडे गेलो होतो. आधी त्यांनी मुळ्याच्या वासावरून मला ओळखलं म्हणून चेष्टा केली. मग मी पंजाचं सांगितलं, तेव्हा त्यांनी मला जवळ बसवलं.

म्हणाल्या, मिझुनाशीला जाळलेलं माणूस एकोणपन्नासाव्या दिवसापर्यंत संध्याकाळच्या गाडीने घरी यायला बघतं. एकदा घरी टेकलं, आपल्या वाटीतलं पाहिलं, की मग ते निवांत पुढे जातं. पूर्वी अवघड नव्हतं, दार ओढून यायची आपली आपण. या नव्या गाडीचं बटण मात्र त्यांच्या बोटाला दाद देत नाही. कितीही दाबा. म्हणून आतल्यांनी उघडायचं.

मी विचारलं, मग मला कोणी सांगितलं का नाही?

"कसं सांगायचं हो?" आजी म्हणाल्या. "तुम्ही स्वतःच्या बायकोच्या तोंडावर दार लावताय, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?"

आणि मुदत टळली तर? ते त्यांनी सांगितलं नाही. नुसत्या मिझुनाशीच्या फलाटावरच्या जुन्या सावल्यांबद्दल काही पुटपुटल्या, आणि मग परिचारिका आली.

एकोणपन्नासावा दिवस तेरा तारखेला.

९ फेब्रुवारी

आता मीच उघडतो. हात धरून ठेवतो बटणावर. चालक आरशातून बघतो, थांबता येईल तितकं थांबतो. पोस्टातल्या बाई डोळे मिटून उभ्या.

ती येत नाही.

फलाटावर ताज्या बर्फात पावलं आहेत. दारापर्यंत येत नाहीत, एक पाऊल अलीकडे थांबतात. मागे परतलेलीही नाहीत. नुसती थांबलेली.

रोज लावलं ना मी. इतक्या अदबीने.

१२ फेब्रुवारी

पावलं आता पार मागे, फलाटाच्या टोकाच्या बाकाशी. मी दारातून हाक मारली. सबंध डब्यादेखत, मोठ्याने. आयुष्यात कधी तिला चारचौघांत नावाने हाक मारली नव्हती. तिने त्यावरूनही चेष्टा केली असती—

बाकावरचा बर्फ बसल्यासारखा दबलेला.

माझ्या हाकेने ती आणखी आक्रसली असेल का? तिला वाटत असेल, हाच तो, दार लावणारा—

१३ फेब्रुवारी, सकाळी

ठरवलं. आज उतरणार. हाताला धरून आणणार. सासूबाईंना सांगितलं, आज सूप निवू देऊ नका. त्यांनी माझा मफलर दोनदा गुंडाळला. लहान मुलाला गुंडाळतात तसा.

१३ फेब्रुवारी, संध्याकाळी. मिझुनाशी

फलाटावरच्या छपराखाली बसून लिहितोय.

उतरलो. बाकापर्यंत धावलो. दिसलं काहीच नाही. हात पसरला तर बोटात काहीतरी अडकलं. थंड. वाकडं. मी ते सोडलं नाही. ती जड झाली होती, यायला तयार नव्हती, मी काय काय बोललो आठवत नाही, मुळ्याच्या बरण्यांबद्दलही बोललो. दाराशी आणलं. पाठीवर हात ठेवून आत लोटलं.

आणि दार लागलं.

मिनोबे. त्याचा दोष नाही. कानात गाणी होती, बोट तयार होतं. पोस्टातल्या बाई धावल्या, पण गाडी सूर चढत निघून गेली.

पण काच— काचेवर पंजा होता. आतल्या बाजूने. भोवती वाफ धरलेली. आत ऊब आहे, मिसाओ. पोटऱ्या भाजतील, जरा सांभाळून.

आता ती घरात शिरत असेल. सासूबाई म्हणतील, किती उशीर—

मी पुढच्या गाडीने जाईन. तोवर तिच्या बाकावर जरा पडतो.

नंतर

पुढची आली. बटणाभोवती हिरवं कडं उजळलं. दाबलं. हातमोजा काढून दाबलं. अंगठ्याने. तळव्याने. आत माणसं होती, पडद्याकडे बघत होती. गेली.

हातमोजा ठेवायला बाकापाशी परतलो. तिथे कोणीतरी कोट घालून आडवा पडलाय, अंगावर बर्फ. मफलर दोनदा गुंडाळलेला. मी त्याच्याकडे नीट बघत नाही.

कागदावर बर्फ पडतोय आणि वितळत नाही. बरं आहे, शाई पसरत नाही.

१४?

सकाळी माणसं आली होती. त्याला घेऊन गेली, टेकाडाच्या बाजूला. सासूबाई होत्या. रडत नव्हत्या. माझ्या बाकाकडे बघून म्हणाल्या, आली होती हो. वाटी पाहिली तिने. तुमचीही मांडते आजपासून.

मुळा घालाल ना—

संध्याकाळ

गाडीचा दिवा दिसतोय. पुढच्या डब्याचं पहिलं दार. बरोबर इथे थांबतं.

थांबली. पोस्टातल्या बाई आतून उठल्या. उघडलं त्यांनी. ऊब— ऊब येतेय, चेहऱ्यावर—

पाऊल उचललं. मिनोबे उठलाय. किती तत्पर. मीच शिकवलं, एक बोट पुरे. पोरा, थांब, अरे बघ इकडे, शेवटी चढणारा मी आहे, मी लाव—