पहाटेच्या गाडीचा ड्रायव्हर

मंगळवार, महाबळेश्वर

टॅक्सी बुकिंगच्या प्रोग्रामनं आज लय छळलं. बुकिंग उघडलं की तो ड्रायव्हरच्या जागी आधी नुसता रिकामा डमी उभा करतो. नाव विचारलं तरच खरा माणूस डेटाबेसमधून आणतो. आमचा ड्रायव्हर अशोक नोकरी सोडून गेला, त्याची नोंद डेटाबेसमधून पुसली. उद्या पहाटेच्या, एका म्हाताऱ्या जोडप्याच्या बुकिंगवर त्याचा डमी मात्र तसाच. नाव विचारलं की लाल एरर.

"झाक रं ते लाल, गिऱ्हाईक बिचकतंय," मालक तात्या म्हणाले.

झाकणं सोपं. मधेच चहाला गेलो, तिथंही तेच डोक्यात. नावाची जागा कोरी राहिली, तर साताऱ्याच्या दवाखान्यात निघालेलं ते म्हातारं जोडपं कुणाची वाट बघणार?

परत येऊन त्या एररच्या जागी लालमध्येच साधं लिहिलं: 'या गाडीला ड्रायव्हर नाही.'

तात्यांनी वाचलं. "आयला!" म्हणत दुसऱ्या ड्रायव्हरला फोन लावला.