बाबांची टेप आणि टॅरुकचे चार खांब

टॅरुक, ११ फेब्रुवारी

प्रिय ग्लेनिसताई,

नमस्कार. टॅरुक फुटबॉल क्लबसाठी मी आजवर स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू अशा: राखीव खेळाडूंची लांब बाकं दोन, गुणफलक एक (आकडे टांगायच्या खिळ्यांसकट), सॉसेजच्या टपरीचा ओटा, पंचांसाठी पत्र्याचा आडोसा आणि सरावाच्या मैदानावरचे गोलाचे चार खांब. कुठल्याही सुताराकडे शिकलो नाही. बाबांचं पाहून आणि चुका करून शिकलो. ही यादी आधीच देतोय, कारण पुढचं वाचल्यावर तू मला वेगळ्याच नजरेनं पाहशील. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींना आता एका कानानं तरी ऐकू येतं का? मी ठणठणीत आहे, म्हणजे कमरेच्या वर.

तुला हेडन नोस्के आठवतो का? धान्याच्या सायलोजवळच्या नोस्क्यांचा, लांब हातांचा, लाजरा. सध्या मेलबर्नच्या मोठ्या क्लबात आहे आणि टीव्हीवर दिसतो, तोच. तुमच्या पर्थच्या पेपरात ‘उशिरा उमललेला’ असं काहीतरी छापून आलं म्हणे. त्यात उमलण्याचा काही संबंध नाही, ताई. तो उशिरा का पुढे आला हे जगात मला एकट्याला नीट माहीत आहे, आणि तेच आज तुला सांगायचंय.

अठराव्या वर्षी पोरगा क्लबात आला. आमच्याकडे नव्या पोरांची परीक्षा गुरुवारी संध्याकाळी, सरावाच्या मैदानावर, माझ्या खांबांसमोर. दहा किक. मधल्या दोन उंच खांबांमधून आठ गेल्या तर गोलासमोर खेळायचं, नाहीतर मागच्या कोपऱ्यात बचावाला. हेडनच्या सात गेल्या आणि तीन खांबाला लागल्या. (आपल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलात खांबाला लागलेला चेंडू म्हणजे सहाऐवजी एक गुण. हे तुला माहीत आहे, पण भावोजी मूळचे इंग्लंडचे, त्यांना सांग.) प्रशिक्षक मर्व डॉसन म्हणाला, “बाळा, तुझा पाय चांगला आहे रे, पण डोळा नाही.” झालं, पोरगा गेला मागच्या कोपऱ्यात, तोही दुसऱ्या संघात. सहा वर्षं! दर वर्षी परीक्षा द्यायचा, दर वर्षी सात. रोज संध्याकाळी शेतावरून येऊन माझ्या खांबांसमोर एकटा चेंडू मारत बसायचा, आणि मी बाकाला वार्निश देता देता त्याला सल्ले द्यायचो. “खांबात खोट नाही हेडन, मापात पक्के आहेत, स्वतः मोजलेत.” हे वाक्य मी त्याला किती वेळा ऐकवलं असेल याचा हिशेब आता रात्रंदिवस मनात चालू असतो. सहाव्या वर्षाच्या शेवटी कमिटीनं ठरवलं की एक मोसम आणखी, मग त्याचं नाव यादीतून काढायचं. त्यांना मी म्हणालो, योग्य निर्णय. हो, मीच म्हणालो.

मग सातव्या मोसमात आमचा गोलासमोरचा गडी मेंढ्यांच्या ट्रकवरून पडला, दुसरं कोणी नव्हतं म्हणून मर्वनं हेडनला पुढे टाकलं. नऊ गोल! कडेनं उभ्या सगळ्या गाड्यांनी हॉर्न वाजवले, आणि वाजवून वाजवून डोनोव्हानबाईंच्या गाडीची तर बॅटरीच बसली. पुढच्या शनिवारी सात, त्याच्या पुढच्या शनिवारी अकरा. मेलबर्नहून माणसं वही घेऊन यायला लागली. मी त्याची पाठ थोपटली तर म्हणतो कसा, “नेवकाका, या मोठ्या मैदानावरचे खांब जरा लांब लांब वाटतात हो.”

ताई, सामन्यांच्या मोठ्या मैदानावरचे खांब माझे नाहीत. ते कौन्सिलच्या कंत्राटदारानं रोवले. माझ्या अंगावर काटाच आला, आनंदाचा. इतकी वर्षं मी सांगत होतो की तो माणूस नजरेनं मोजतो. त्याच संध्याकाळी बाबांची टेप घेऊन गेलो. दोन उंच खांबांमधलं अंतर कायदा सांगतो एकवीस फूट, टेप सांगते बावीस! तीनदा मोजलं. घरी येऊन लीगला दोन पानी तक्रार लिहिली, आकृतीसह, आणि रजिस्टर्ड पोस्टानं धाडली.

क्लबच्या अध्यक्षा पॅम लिंडनर दुसऱ्या दिवशी घरी आल्या. बसल्यासुद्धा नाहीत. “नेव्हिल, अक्कल गहाण ठेवलीस का रे? खांब चुकीचे निघाले तर या मोसमातले घरचे सगळे सामने रद्द. हेडनचे गोलही गेले. मेलबर्नवाले काय रद्द झालेल्या गोलांवर त्याला घेणार आहेत?” मला हे सुचलंच नव्हतं. मागे घ्यावं तर पत्र पोचलेलं, आणि खरं सांगू, टेप खोटी कशी म्हणू? हेडनकडे गेलो. तो कुंपणाची तार ओढत होता. मान वर न करता म्हणाला, “चूक असेल तर असेल, काका. मोजू दे त्यांना.” त्यानं एक शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

शनिवारी, सामन्याआधी, लीगचा माणूस पोलादी टेप घेऊन आला. सगळं गाव गाड्यांमध्ये बसून बघतंय. त्यानं मोजलं: सहा मीटर चाळीस, म्हणजे एकवीस फूट, केसाचाही फरक नाही. मी बाबांची टेप पुढे केली. त्या भल्या माणसानं तिचं टोक हातात घेतलं, पितळेची कडी अंगठ्यानं बाजूला सारली आणि शांतपणे म्हणाला, “साहेब, ही एकपासून सुरू होते.”

पहिला फूट नव्हताच, ताई! कापल्या गेलेल्या टोकाला बाबांनी इतकी सुबक कडी बसवली होती की मला वर्षानुवर्षं कळलं नाही. ते मनातल्या मनात एक वजा करत असणार, आणि बोलायची तर त्यांना सवयच नव्हती. मग तो माणूस माझ्या सरावाच्या खांबांकडे गेला. वीस फूट. आधी एक हॉर्न वाजला. मग सगळे. (डोनोव्हानबाईंनी नवी बॅटरी टाकली होती.)

तेव्हा उमगलं, बाकावर आठवा माणूस नेहमी अर्धा हवेत का बसतो, टपरीच्या ओट्यामागून कुत्री आत कशी शिरतात, आणि आडोशाखाली एक पंच कायम भिजलेला का असतो. पण हसणं तिथेच थांबलं, निदान माझं. नऊ वर्षांत त्या परीक्षेत कोणीही पास झालं नव्हतं. कमिटी बाहेरून गडी आणत राहिली आणि हा पोरगा सहा वर्षं मागच्या कोपऱ्यात उभा राहिला, माझ्या एका फुटापायी.

मी करवत घेऊन खांब कापायला निघालो. हेडननं हात धरला. “राहू द्या ना काका. मला आता दुसरीकडे करमणार नाही.” ऑक्टोबरात त्याला मेलबर्नला बोलावणं आलं, वय पंचवीस. अजूनही दर उन्हाळ्यात येतो, आणि माझ्याच खांबांसमोर उभा राहतो. दहातल्या नऊ जातात. त्या दिवसाबद्दल तो चकार शब्द काढत नाही. मीच काढतो.

भावोजींना नमस्कार, गुडघ्याला शेक.

तुझा,
नेव्हिल

ता. क. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नव्या पोरांसाठी मी एकवीस फुटांचे खांब रोवतोय. तुझ्या शिवणाच्या डब्यात टेपचा एक तुकडा असेल. फ्रॉकची किनार मोजायला तू सातवीत कापला होतास तो, मला आता आठवलं. मी कोणाला नाव सांगितलेलं नाही. तेवढा रजिस्टर्ड पोस्टानं पाठव, मोसमाआधी टेपला परत शिवायचाय. आणि पाठवण्याआधी बारा इंच भरतो का बघ.

ता. क. २. गेल्या आठवड्यात मेलबर्नहून एका खेळ-अकादमीचे गृहस्थ आले होते. अरुंद खांबांवर नेम पक्का होतो म्हणून त्यांना ते हवे होते, आणि ‘ही पद्धत मी विचारपूर्वक शोधून काढली’ अशा कागदावर माझी सही. कागदात ‘सहा मीटर’ छापलं होतं. मी म्हणालो, सहा मीटर नव्हे, सहा मीटर साडेनऊ सेंटिमीटर, आणि विचारपूर्वक तर मुळीच नाही, त्यात त्या पोराची सहा वर्षं गेली आहेत. चहा पाजून परत पाठवलं. पासष्ट हजार डॉलर देत होते.