हद्दीच्या दगडापलीकडे

बाबा, आज जेवताना तुमच्या नातीशी माझं वाजलं. ती हैदराबादेत एका बड्या परदेशी कंपनीचे हिशेब पाहते. आपल्या आदिलाबादचा चपलांचा दुकानदारसुद्धा फोनवरच्या जाहिरातींसाठी त्या कंपनीला पैसे मोजतो. नफा मात्र कंपनी दाखवते समुद्रापलीकडच्या देशात, कारण तिथे कर नावापुरता. मी जाब विचारला, तर म्हणाली, "आई, सगळं कायदेशीर आहे. तुला नाही कळायचं." तहसिलीत अख्खी नोकरी केलेल्या बाईला हे ऐकवते. मग मी तिला तुमच्या वांग्यांची गोष्ट ऐकवली.

गुडीहत्नूरच्या आठवडी बाजारात हद्दीचा दगड होता. अलीकडे बसणाऱ्याने तहबाजारीची, म्हणजे बाजारात बसण्याच्या कराची, पावती फाडायची. पलीकडे चार हातांवर बसलं की फुकट. मी सातवीत, सिस्टरांच्या शाळेतून सुट्टीला आलेली, स्वतःला फार हुशार समजणारी. तुम्ही चहाला जाता आणि मी टोपली ओढत दगडापलीकडे नेते. तुम्ही परत येता, उभेच राहता.

"काऊन हालवली?"

"इथं पावती लागत नाही, बाबा."

"गिऱ्हाईक कुठून येऊन राह्यलं?"

"बाजारातून."

"पाणी कुठचं पेली?"

"बाजारातल्या हापशीचं."

"मंग उचल टोपली. फी भरून हेच शिकून राह्यली का?"

शेजारची कांदेवाली खिदळली, "या सावकार, तुमच्याबिगर बाजाराचं अडलं होतं." तुम्ही पावती फाडली आणि तराजूच्या आकड्याला टोचली, सगळ्यांना दिसेल अशी. पुढे कचेरीत मी मोठमोठ्यांच्या सबबी ऐकल्या, त्यांचे वकील ऐकले. गिऱ्हाईक कुठलं आणि पाणी कुठचं, एवढं साधं कुणी विचारलं नाही. दगड कुठे रोवलाय ते कायदा सांगतो; आपण कुणाच्या जिवावर विकतो, ते विकणाऱ्याला ठाऊकच असतं. हे सगळं मी तिला मान ताठ करून सांगितलं, जणू टोपली परत मीच आपणहून आणली होती.

तिने माझ्या ताटात भाकरी वाढली. मग म्हणाली, "आणि तू? नंतर कधीच नाही नेलीस टोपली पलीकडे?"

"कधीच नाही," मी म्हटलं.

तुम्ही तापाने पडलात त्या आठवड्यात मी एकटी बाजारात गेले होते, बाबा. दगडापलीकडे बसले, सगळी वांगी विकली, आणि पावती हरवली म्हणून सांगितलं. तुम्ही म्हणालात, "हरवू दे. फाडली ना, झालं." आता तुम्ही नाही, हा कागद तुमच्यापर्यंत पोचायचा नाही. रात्री इथवर लिहून, सकाळी तिला वाचायला द्यावा म्हणून माझ्या उशीजवळ ठेवला होता. ती हैदराबादच्या बसमध्ये बसून गेली, कागद मी दिलाच नाही.